प्रवाशाचं पूर्ण नाव

"कुठलं नाव हवंय तुला?" माई आत्यानं फोनवर विचारलं, आणि मला पटकन उत्तर देता येईना.

भाचीचं लग्न अंदमानात, हॅवलॉक बेटावर ठरलं होतं. दोन्हीकडचे मिळून ६४ पाहुणे. भावानं आणि वहिनीनं बाकीची कामं वाटून घेतली आणि पाहुण्यांच्या प्रवासाचं काम माझ्या वाट्याला आलं. बँकेत तीस वर्षं काढलेल्या बाईला तक्ते करायचा कंटाळा नसतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच रात्री जेवणं आटोपल्यावर मी लॅपटॉप उघडला आणि रकाने आखले. वय, कुठून निघणार, गुडघ्यांचं दुखणं, साखर, रक्तदाब, बोट लागते का, खाली झोपायला जमेल का. आणि सगळ्यात पहिला रकाना, प्रवाशाचं पूर्ण नाव, आधार कार्डावर असेल अगदी तसं. विमानाच्या तिकिटाला तेच लागतं, बोटीच्या तिकिटालाही तेच. एक अक्षर इकडचं तिकडे झालं की धक्क्यावर थांबवतात. म्हणून मी एकेकाला फोन लावत होते. तीसेक नावं भरून झाली होती. मग आत्याची ओळ आली आणि माझी बोटं थांबली. फोनमध्ये ती 'माई आत्या' आहे. घरातल्या प्रत्येक लग्नपत्रिकेच्या पाकिटावर ती 'सौ. माईआत्या' आणि मग नुसती 'माईआत्या' आहे. गेल्या पंचावन्न वर्षांत मी तिला दुसऱ्या नावानं ओळखलेलंच नव्हतं.

"म्हणजे, माहेरचं सांगू, लग्नातलं सांगू, का कार्डावरचं?" ती म्हणाली. कार्डावरचं, मी म्हटलं. तिनं आवाज खाली आणला. मागे नातसुनेचा मिक्सर चालला होता, तो थांबेपर्यंत ती गप्प राहिली आणि मग हळूच, एकेक अक्षर सुटं करून तिनं ते नाव मला सांगितलं. पाळण्यातलं नाव, पुढे नवऱ्याचं नाव, पुढे सासरचं आडनाव. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहिलेलं नाव वेगळं होतं. पण आधार काढायच्या वेळी जन्मतारखेचा पुरावा म्हणून तिच्यापाशी चौथीचा शाळेचा दाखला तेवढा निघाला, आणि कार्ड काढणाऱ्या मुलानं त्यावरचं पहिलं नाव उचललं. "असं नाव मला जन्मात कुणी हाक मारलेलं नाही गं," आत्या म्हणाली. "अर्धं आईचं, अर्धं सासूचं." सासरी पोचल्यावर धाकट्या दिरांनी माई म्हणायला सुरुवात केली आणि ते चिकटलं ते चिकटलंच.

ते नाव मी इथे लिहीत नाही. तिनं ते माझ्या कानात सांगितलं होतं.

कानात म्हणताना मला दुसरीच गोष्ट आठवत राहते. आमच्यात बारशाला नाव आत्या ठेवते. पाळण्यात वाकून, बाळाच्या कानाशी तोंड नेऊन, कुर्र करून. माझं नाव हिनं ठेवलं. भाचीचं मी ठेवलं, आणि त्या दिवशी हीच माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाली होती, जोरात सांग गं, तिला ऐकू गेलं पाहिजे. जिनं मला नाव दिलं तिचं नाव मला माहीत नाही, आणि ते मी विचारायला गेले ते विमानाच्या तिकिटासाठी. त्या रात्री तक्ता बंद केला, पण दोन-तीन दिवस ते मनातून जाईना.

आणि त्याच फोनवर तिनं पुढचा प्रश्न विचारला होता. "बोट आहे का गं त्यात?"

आहे, मी म्हटलं. पोर्ट ब्लेअरपासून दीड-दोन तास.

"मग माझं नाव काढ."

आत्याचं लग्न १९६६च्या वैशाखातलं. माहेर जयगडच्या खाडीकाठचं, सासर गिरगावातलं. मुंबईचं वऱ्हाड भाऊच्या धक्क्यावरून बोटीनं आलं होतं. त्या काळी कोकणातली लग्नं बोटीच्या वेळापत्रकावर ठरत. आगोटीच्या आत सगळं उरकायला लागे, कारण पाऊस लागला की बोटी बंद. बोट बंदराला लागायची नाही, ती बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं पडावातून नेऊन शिडीनं वर चढवायची. नऊवारीतली नवी नवरी, कपाळाला मुंडावळ्यांचा ओरखडा, हातात हिरवा चुडा, खाली काळंशार पाणी, आणि पडाव वर जाईल तेव्हाच शिडीला हात घालायचा, असं खलाशी ओरडून सांगतोय. हे तिनं आम्हाला कितीदा सांगितलंय. तिची आजी 'रामदास' बोटीची आठवण काढत राहिलेली. १७ जुलै १९४७ला रेवसला जाताना बुडाली आणि सहाशेंच्या वर माणसं गेली, त्यात आजीच्या ओळखीचं एक घर होतं. सासरी निघालेल्या त्या रात्री आत्याला बोट लागली. पाठराखीण म्हणून आलेल्या तिच्या मावशीनं रात्रभर तिचं डोकं मांडीवर धरलं आणि जिभेवर आमसूल ठेवत राहिली. सकाळी भाऊच्या धक्क्यावर उतरताना सासरच्या माणसांनी आपल्याला अशा अवताराचं पाहिलं, हे तिला अजून लागतं. त्यानंतर ती बोटीत बसली नाही. माहेरी जायची ती एसटीनं, चौदा-चौदा तास.

माझे वडील तेव्हा बावीस वर्षांचे. बहिणीला पोचवायला ते त्याच बोटीवर होते. त्यांच्याकडे एक वही होती, त्यात पेट्यांचा हिशोब, वरच्या डेकवर कोण, खालच्यावर कोण, कुणाला काय खायला चालत नाही, सगळं टिपलेलं. ती वही मी पाहिलेली नाही. आत्या सांगते तेवढीच. पण गुडघ्यांचा रकाना भरताना मला सारखं वाटत होतं की हे काम घरात आधी कुणीतरी केलेलं आहे.

बेटावरच्या लग्नाचा प्रवास आखणं म्हणजे मुख्यतः जोडण्या सांभाळणं. आमच्या तारखांना पुण्याहून थेट विमान नव्हतं, म्हणून चेन्नईला बदल. दहा किंवा त्याहून जास्त माणसं असली की विमानकंपन्या गटाचं आरक्षण देतात, त्यात आधी जागा धरता येतात आणि नावं नंतर दिली तरी चालतात. हे कळल्यावर जीव भांड्यात पडला, कारण आमच्याकडे 'बघू, कळवतो' म्हणणारी अकरा माणसं होती. हॅवलॉकची शेवटची बोट दुपारीच सुटते. चेन्नईचं विमान उशिरा उतरलं की बोट गेली, आणि मग रात्र पोर्ट ब्लेअरला. म्हणून मी जाताना सगळ्यांची एक रात्र तिथेच ठेवली आणि परतीच्या विमानाआधी आणखी एक मोकळा दिवस. भावाला तो खर्च नकोसा होता. मी त्याला डिसेंबर २०१६ची गोष्ट सांगितली. समुद्र खवळून बोटी बंद पडल्या, हॅवलॉकवर आणि शेजारच्या नील बेटावर शेकडो पर्यटक अडकले आणि शेवटी नौदलाची जहाजं पाठवून त्यांना बाहेर काढावं लागलं. तो काही बोलला नाही, पण मोकळा दिवस तक्त्यात राहिला.

नावांचा घोळ माणसांपुरता नव्हताच. हॅवलॉक २०१८च्या अखेरीस स्वराज द्वीप झालं, पोर्ट ब्लेअर २०२४च्या सप्टेंबरात श्री विजयपुरम. तिकिटांवर कुठे जुनं, कुठे नवं. नाशिकच्या काकांचा फोन आला की आपली हॉटेलं हॅवलॉकला आहेत आणि बोट स्वराज द्वीपला चाललीय, काहीतरी चुकलंय बघ. मी समजावलं. ते म्हणाले, म्हणजे लग्नानंतरचं नाव. मी तो फोन ठेवला तरी बराच वेळ ते वाक्य घेऊन बसले होते.

मुहूर्ताचीही तीच तऱ्हा. वहिनीच्या मनात गोरज मुहूर्त. गुरुजी पुण्याचे, त्यांनी मला पहिलं विचारलं ते बेटाचं रेखांश. ९३, मी म्हटलं. पुण्याचं ७४ धरा, ते म्हणाले, म्हणजे १९ अंश, दर अंशाला ४ मिनिटं. घड्याळ आपलंच, पण सूर्य तिथे तासभर आधी जातो. पुण्यात मार्गशीर्षात सहाला मावळणारा सूर्य तिकडे पाचच्या आत खाली. पंचांग गावापुरतं असतं, हे वाक्य मी लहानपणापासून ऐकलं होतं, त्याचा अर्थ त्या दिवशी लागला. मुहूर्त निघाला दुपारी ४ वाजून ४१ मिनिटांचा. मी सगळ्यांना कळवलं की जेवणं साडेअकरालाच उरकायची आणि दुपारची झोप विसरायची. त्याच निरोपात सामानाचं लिहिलं. ओटीचं सुकं खोबरं, कापूर, काडेपेटी विमानात चालत नाही. बेटावर एटीएम मोजकीच आहेत, रोख जवळ ठेवा. समुद्राखालून केबल २०२०च्या ऑगस्टमध्ये आली असली तरी फोनच्या भरवशावर राहू नका, तिकिटं कागदावर काढून आणा. आणि किनाऱ्यावरचं प्रवाळ पिशवीत टाकू नका, तो गुन्हा आहे.

हे सगळं जमतं. जे जमत नाही ते तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात जमा होत जातं.

तिथे मी 'येणार नाही' असं लिहीत होते. मोठ्या काकांना बायपासनंतर डॉक्टरांनी विमान नको म्हटलं. एका मावसबहिणीच्या मुलाची बारावीची सराव परीक्षा. एकाची रजाच शिल्लक नाही. आणि भावाकडे बावीस वर्षं स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी. भाचीला त्यांनी अंगाखांद्यावर खेळवलंय, तिच्या पहिल्या डब्यातली पोळी त्यांच्या हातची. भावानं तिकीट काढायची तयारी दाखवली, अगदी मनापासून. मावशी म्हणाल्या, "तिकीट तुम्ही द्याल हो ताई, पन चार घरची कामं पाच दिवस कोन करनार? येईस्तो दुसरी लागलेली असंल." त्यांनी लग्नासाठी साडी आधीच घेऊन ठेवली होती. अबोली रंगाची. पुण्यात कार्यालयात लग्न असतं तर त्या सकाळची दोन घरं करून, रिक्षानं येऊन, अक्षता टाकून, पहिल्या पंगतीला जेवून दुपारी तिसऱ्या घरी गेल्या असत्या. आपली लग्नं अशा माणसांनी भरलेली असायची. तास-दीड तासासाठी आलेली, आहेर हातात कोंबून, नवरीच्या गालावरून बोटं मोडून निघून जाणारी. वाण्याच्या दुकानातला मुलगा, वडिलांचे निवृत्त शिपाई, खालच्या मजल्यावरच्या आजी. बेटावरच्या लग्नाला अक्षतांपुरता पाहुणा असतच नाही. यायचं तर पाच दिवस यायचं, नाहीतर नाही. मला भाचीचा राग नव्हता. तिला नि तिच्या नवऱ्याला समुद्राखाली डुबकी मारायचं वेड, तिथेच त्यांची ओळख झालेली, तिथेच लग्न करावंसं वाटणं मला समजत होतं. पण तक्ता मी भरत होते, आणि त्या रकान्यात ज्या ओळी वाढत होत्या त्या बहुतेक हातावर पोट असणाऱ्यांच्या नाहीतर म्हाताऱ्यांच्या होत्या. मावशींनी मला मुहूर्त विचारून घेतला आणि ओट्यावरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवला. म्हणाल्या, त्या टायमाला हितं उभी राहून टाकीन.

आठ दिवसांनी आत्याचा फोन आला. "काढलंस का माझं नाव?"

"नाही अजून."

"मग राहू दे."

मी कारण विचारलं नाही. फक्त तिच्या ओळीत विमानतळावरच्या चाकाच्या खुर्चीची नोंद केली, बोटीत मागच्या बाजूची, खालच्या मजल्यावरची मधली जागा धरली, कारण तिथे हेलकावा कमी लागतो, आणि शेजारची जागा स्वतःच्या नावावर टाकली.

पोर्ट ब्लेअरला उतरलो त्या दिवशी दुपारी मी सगळ्यांना सेल्युलर जेलला नेलं. मराठी माणसं अंदमानला येऊन तिथे गेली नाहीत असं होत नाही. सातांपैकी तीनच भाग आता उभे आहेत. सावरकरांच्या कोठडीपर्यंत जिने चढायचे, आत्या म्हणाली मी खालीच बसते, आणि मग एकेक पायरी धरत वर आलीच. दाराची कडी बाहेरच्या भिंतीत खोल बसवलेली आहे, आतून कुणाचा हात पोचणार नाही अशी. आत्यानं त्या खाचेत हात घालून पाहिला. १९११च्या जुलैत त्यांना बोटीनं इथे आणलं, मी नातवंडांना सांगत होते. आत्या मध्येच म्हणाली, "बोटीत त्यांच्यापाशी कुणी होतं का?" कैद्यांचीच बोट, मी म्हटलं, बाकीचे कैदी असतील. तिनं मान हलवली. खाली उतरताना तिनं माझा दंड इतका घट्ट धरला होता की बांगडीचा वळ उठला.

दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावर गेलो तेव्हा सहा वाजत होते आणि ऊन पडलं होतं. डिझेलचा वास, ओल्या दोरखंडांचा वास, त्यात आमच्या लोकांनी डब्यातून आणलेल्या मेथीच्या ठेपल्यांचा. सामानाला चिठ्ठ्या लावून झाल्या. फळीपाशी एक पोरगेलासा माणूस यादी घेऊन उभा होता. एकेक नाव वाचायचा, ओळखपत्र बघायचा, खूण करायचा. आत्याचं नाव त्यानं वाचलं. तिनं इकडेतिकडे पाहिलं. त्यानं पुन्हा वाचलं, बंगाली हेल काढून, मोठ्यानं. रांगेतली आमचीच माणसं एकमेकांकडे बघायला लागली, ही कोण बाई राहिली म्हणून. तिच्या पोटच्या मुलालासुद्धा क्षणभर कळलं नाही. "हाँ, यही हैं," असं शेवटी मी म्हटलं आणि तिचं कार्ड पुढे केलं. आत्या ओशाळून हसली. बोटीत बसल्यावर बराच वेळ गप्प होती. खिडक्या बंद, आत गार हवा, समोरच्या टीव्हीवर गाणी. बंदर सुटलं आणि बोट उचलायला लागली. मी पर्समधून आमसूल काढलं. तिनं ते तोंडात टाकलं, माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि डोळे मिटून म्हणाली, "पाठराखीण म्हातारीच असावी लागते गं." मी तशी फार म्हातारी नाही, पण तेवढे दोन तास होते. पलीकडच्या रांगेत दोघातिघांना बोट लागली. हिला लागली नाही.

लग्नाचं काय सांगू. हॅवलॉकवरचा विजयनगरचा किनारा, पाण्यावर ओणवलेली मोहव्याची झाडं. ओहोटीची वेळ होती, समुद्र पार लांब गेलेला आणि मागे राहिलेल्या ओल्या रेतीवर बारीक खेकडे पळत होते. वाऱ्यानं अंतरपाट शिडासारखा फुगत होता, तो धरायला दोघांऐवजी चौघं लागले. ४ वाजून ४१ला सूर्य माडांच्या मागे गेला, गुरुजींचा सावधान वाऱ्यात अर्धा उडून गेला, आणि अक्षता नवरानवरीपर्यंत पोचण्याआधी आमच्याच अंगावर परत आल्या. मला पुण्यातला तो ओटा दिसला, गॅसशेजारी उभी अबोली साडी, मूठभर तांदूळ. भाचीनं नाव बदललं नाही. गुरुजींनी तांदळाचं ताट पुढे केलं तेव्हा नवऱ्यानं अंगठीनं तिचं आहे तेच नाव लिहिलं, मी ठेवलेलं. आत्या खुर्ची पुढे ओढून ताटात वाकून बघत होती. बघून झाल्यावर तिनं ताटाच्या कडेचे विस्कटलेले तांदूळ तर्जनीनं नीट आत सारले.

परतीच्या दिवशी हवा ढगाळ होती. हॅवलॉकच्या धक्क्यावर गर्दी, वाळूच्या चिलटांनी चावून लाल झालेले पाय, भाच्याच्या चड्डीच्या खिशातून वेळेवर काढून किनाऱ्यावर परत ठेवायला लावलेला प्रवाळाचा तुकडा. मी यादी घेऊन डोकी मोजत होते. मोजता मोजता पाहिलं तर आत्या जागेवर नाही. ती रांग सोडून पुढे गेली होती, पदर खोचलेला, एका हातात काठी, दुसऱ्यात आधार कार्ड. यादीवाल्या माणसानं अजून कागद उलगडलाही नव्हता. त्याच्यापुढे उभी राहून तिनं आपलं नाव सांगितलं, पहिलं, मधलं, आडनाव, सगळं, आम्हा सर्वांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. त्यानं यादीत बोट फिरवलं, सापडेना. तिनं पुन्हा सांगितलं.